रेडिओचे पैसे कोण भरतं?

शेजारच्या वहिनींचा मुलगा शिकायला इंग्लंडला, लेस्टरला गेला. तिथं भाड्याची खोली घेतली आणि महिन्याभरात त्या पत्त्यावर एक पत्र येऊन पडलं. टीव्ही बघत असाल तर परवाना काढा, बघत नसाल तर तसं कळवा. परवान्याची रक्कम तेव्हा, २०२५ मध्ये, वर्षाला १७४.५० पौंड होती, म्हणजे आपले वीस हजार रुपये धरा. त्यानं पत्राचा फोटो आईला पाठवला आणि आई तो फोन घेऊन आमच्या ओट्यावर आल्या.

"भाऊजी, टीव्ही त्याचा, लाइटबिल त्याचं. मंग हे पैसे कायचे?"

प्रश्न अगदी सरळ आहे. ब्रिटनमध्ये त्यावर शंभर वर्षं वाद चालू आहे, आणि तो आपल्याही कामाचा आहे. कारण आकाशवाणी आणि दूरदर्शन आपल्याकडेही आहेत, त्यांनाही पैसा लागतो, आणि तो कुठून येतो हे गावात दहा जणांना विचारलं तर नऊ जण म्हणतात, "सरकार देते." वहिनींना मी दोन-तीन संध्याकाळी जे सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडतो.

आधी त्या पत्रातला नियम. ब्रिटनमध्ये कुठल्याही चॅनलवरचा कार्यक्रम तो चालू असतानाच बघायचा असेल तर परवाना लागतो. मग टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर बघा, नाहीतर मोबाइलवर. बीबीसी या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं आयप्लेअर हे अ‍ॅप वापरायचं असेल तरी लागतो. फक्त नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी हवं ते हवं तेव्हा बघणाऱ्याला लागत नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यालाही लागत नाही, कारण रेडिओचा वेगळा परवाना तिथं १९७१ मध्येच बंद झाला. जमा होणारा पैसा वर्षाला सुमारे ३.८ अब्ज पौंड, आणि तो बीबीसीसाठी असतो. त्यामुळे बीबीसीच्या देशातल्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात. परवाना नसताना बघताना सापडलात तर तो फौजदारी गुन्हा, दंड एक हजार पौंडांपर्यंत.

वहिनींना खटकलं ते पुढचं. समजा त्यांच्या मुलानं बीबीसी कधी लावलीच नाही, फक्त दुसऱ्या खासगी चॅनलवर फुटबॉल बघितला, तरी पैसे बीबीसीचे भरायचे. हे कसं? दुकानात साखर घेतली नाही तर साखरेचे पैसे कोणी मागत नाही.

इथं मी त्यांना ग्रामपंचायतीची पावती आणायला सांगितली. त्या पावतीवर हा सगळा वाद लिहिलेला आहे. नळाची पाणीपट्टी भरतो तो ज्याच्या घरी नळ आहे तो. नळ नाही, तर ती पट्टी नाही. ब्रिटनचा टीव्ही परवाना पाणीपट्टीच्या जातीचा आहे. बघण्याची सोय वापरत असाल तर भरा. तिच्याच खाली दिवाबत्ती कर असतो. तो सगळ्यांना. तुमच्या दारासमोर खांब असो वा नसो, तुम्ही संध्याकाळी सातला झोपत असा, तरी भरायचा, कारण गावच्या रस्त्यावरचा उजेड कोणा एकाचा नसतो. जर्मनीनं २०१३ पासून हा दिवाबत्तीचा मार्ग धरला. आधी तिथंही टीव्ही-रेडिओ किती आहेत ते मोजून पैसे घ्यायचे. मग मोबाइल आणि संगणक आले, मोजणार तरी काय? म्हणून त्यांनी घरटी एक रक्कम ठरवली, २०२१ पासून ती महिन्याला १८.३६ युरो झाली. घरात टीव्ही असो वा नसो. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना सूट मिळते.

तिसरा प्रकार फिनलंडचा. तोही २०१३ पासूनचा. तिथं हा कर माणशी आणि कमाईच्या प्रमाणात घेतात. कमाई फार कमी असेल तर शून्य, आणि श्रीमंताकडूनही एका मर्यादेपेक्षा जास्त नाही. पावतीवर याच्यासारखं काही नाही, पण न्यायाच्या दृष्टीनं मला हाच सगळ्यात सरळ वाटतो.

चौथा प्रकार म्हणजे वेगळी पट्टीच नाही. सरकार आपल्या तिजोरीतून देतं. ऑस्ट्रेलियानं १९७४ मध्ये परवाना रद्द केला, फ्रान्सनं २०२२ मध्ये १३८ युरोंची पट्टी काढून टाकली. आपणही याच रांगेत आहोत. पण आपण आधी ब्रिटनसारख्या परवान्याच्या रांगेत उभे होतो, हे आजच्या पोरांना माहीत नसतं.

आमच्या बाबांकडे मर्फीचा रेडिओ होता आणि त्या रेडिओला परवाना होता. छोटी वही, आत तिकिटं चिकटवायची जागा. वर्षाला १५ रुपये. बाजाराच्या दिवशी बाबा पांढरकवड्याला पोस्टात ते भरायचे, वहीत तिकीट लागायचं, शिक्का बसायचा. सत्तरच्या दशकात शेतमजुराची रोजी तीन रुपयांच्या आसपास होती, म्हणजे १५ रुपये हे आठवड्याच्या मजुरीच्या घरात जायचे. रेडिओवाली घरं गावात पाच-सहा. 'तपासणीस येणार' अशी हूल उठली की त्यातले दोन रेडिओ ज्वारीच्या कणगीत जायचे. बाबांची वही पक्की असायची, तरी तेसुद्धा त्या दिवशी आवाज बारीक करायचे. लहानपणी मला त्याचं कारण कळत नव्हतं. ज्याच्याकडे पावती आहे त्यानं का घाबरावं? पण परवाना या शब्दातच ती भीती आहे. आपल्याच घरात आपलीच वस्तू वापरायला परवानगी काढायची.

हा परवाना आपल्याकडे इंग्रजांनी आणला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, साधारण महिन्याभरानं कलकत्त्याला दुसरं. कंपनी खासगी होती आणि तिचा मोठा आधार होता परवान्याचा, वर्षाला दहा रुपये. त्या काळी दहा रुपये देऊन वर रेडिओ विकत घेऊ शकणारे या देशात किती? परवान्यांची संख्या काही हजारांच्या पुढे सरकली नाही. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारनं हातात घेतलं. ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ चं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. गरीब देशात मुख्यतः ऐकणाऱ्याच्या वर्गणीवर रेडिओ चालवायचा प्रयोग होऊन गेलेला आहे, आणि तो तीन वर्षंही टिकला नाही.

पुढं स्वातंत्र्यानंतर केंद्रं वाढली. नागपूरचं केंद्र १६ जुलै १९४८ चं. परवाना चालूच राहिला, टीव्ही आल्यावर टीव्हीचाही आला, वर्षाला ५० रुपये. जोडीला जाहिराती आल्या. आकाशवाणीवर जाहिराती १९६७ च्या नोव्हेंबरात सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरच्या विविध भारतीवरून. दूरदर्शनवर १९७६ पासून. रेडिओ घरोघरी झाले, ट्रान्झिस्टर खिशात मावू लागले, आणि वही घेऊन हिशोब ठेवण्यात अर्थ उरला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात परवाने रद्द झाले. बाबांची वही त्यानंतर बरीच वर्षं देवघराच्या कोनाड्यात होती.

आता मुळाशी येऊ. मुळात कोणीही पैसे का भरायचे? खासगी चॅनलं आहेत, मोबाइल आहे, सगळं मिळतं. सरकारी रेडिओ-टीव्ही पाहिजेच कशाला?

गावात दवंडी व्हायची. कोतवाल हलगी वाजवत फिरायचा. उद्या लसीकरण आहे, परवा ग्रामसभा आहे, नदीला पाणी सोडणार आहेत. ती ऐकायला पैसे लागत नसत आणि लावताही आले नसते. हलगीचा आवाज एका ओट्यावर थांबवून पुढच्या ओट्यावर कसा जाऊ देणार? जे एकाला दिलं की सगळ्यांना आपोआप मिळतं, त्याची दुकानदारी होत नाही. मग दवंडीचे पैसे कोण देणार? एखाद्या सावकारानं दिले असते तर हलगी वाजली असती, पण दवंडी सावकाराच्या कामाची झाली असती. पुराची दवंडी त्यात बसली असती की नाही, सांगता येत नाही.

खासगी चॅनल जाहिरातीवर चालतं. त्यात चूक काही नाही, तो धंदा आहे. पण जाहिरात देणारा बघतो की ऐकणाऱ्याच्या खिशात काय आहे. भामरागडच्या माडिया बोलणाऱ्या आईसाठी किंवा मेळघाटच्या कोरकू बोलणाऱ्या म्हाताऱ्यासाठी कोणती साबणाची कंपनी बातमीपत्र चालवेल? कपाशीवर कोणता रोग पडलाय, कोणतं औषध किती मापानं, आणि मुख्य म्हणजे औषध कधी मारायचं नाही, हे सांगण्यात कोणाचा फायदा? 'या आठवड्यात फवारणी करू नका' हे वाक्य विकता येत नाही. त्याला जाहिरातदार मिळत नाही.

२०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर यवतमाळ जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, अळी होती, आणि फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्याची कारणं पुष्कळ होती आणि एका रेडिओनं ते सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण मी त्या दिवसांत एकच गोष्ट मनाशी धरली. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत, त्याच्यापर्यंत पोचणारा एक आवाज असला पाहिजे, आणि तो आवाज औषध विकणाऱ्याच्या पैशावर चालणारा नसावा. वारा अंगावर येत असेल तर थांबा, दोन औषधं मिसळू नका, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका. हे रोज, त्याच वेळेला, त्याच्या भाषेत.

आपल्या महाराष्ट्रानं याचा रस्ता फार आधी दाखवला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून एक प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात एक मंडळ. ठरल्या वेळी सगळे जमायचे, रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, मग आपसात चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. म्हणजे गाव नुसतं ऐकत नव्हतं, विचारतही होतं. विदर्भ त्या पाच जिल्ह्यांत नव्हता, पण ही कल्पना पुढं देशभर गेली.

तर पैसे लागतात आणि ते सगळ्यांनी मिळून द्यायला हवेत, इथवर वहिनी माझ्याबरोबर होत्या. "मंग सरकारनं देल्ले तं काय बिघडलं?" त्यांनी विचारलं. सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

पैसा कोण देतो यापेक्षा तो कोण थांबवू शकतो हे बघा. कोतवालाचं मानधन ज्याच्या सहीनं निघतं, त्याच्याविरुद्धची दवंडी कोतवाल देईल का? १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत आकाशवाणीवर सरकारची बाजू तेवढी ऐकू यायची. तेव्हा आमच्या आळीतले दोघं-तिघं रात्री कानाला ट्रान्झिस्टर लावून बीबीसीची हिंदी बातमी ऐकायचे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला आपल्याच देशात काय चाललंय ते लंडनहून कळावं, याची मला आजही टोचणी आहे. आणीबाणी संपल्यावर बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली एक गट बसला. त्यानं १९७८ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन सरकारच्या हातातून काढून एका स्वतंत्र न्यासाकडे द्यायला सांगितलं. ते तसं झालं नाही. १९९० मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा कायदा झाला, तो अमलात यायला १९९७ उजाडलं. मधे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक मोठा निकाल दिला. त्या खंडपीठावर आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचा गाभा एका ओळीत सांगता येतो : हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्या सरकारच्याही नाहीत आणि कंपन्यांच्याही नाहीत.

ब्रिटनचे लोक म्हणतात, म्हणूनच परवाना हवा. पैसा लोकांच्या हातातून सरळ बीबीसीकडे गेला की मंत्र्याला मधे हात घालता येत नाही. ऐकायला हे पटतं. पण प्रत्यक्षात परवान्याची रक्कम तिथंही सरकारच ठरवतं. २०२२ मध्ये सरकारनं ती दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवली. महागाई वाढत असताना रक्कम गोठवणं म्हणजे कापणंच. शिवाय पंचाहत्तरीच्या वरच्या म्हाताऱ्यांना मोफत परवान्याची सोय सरकारनं केली होती, तिचा खर्च पुढं बीबीसीच्याच गळ्यात टाकला. शेवटी २०२० मध्ये ती सोय फक्त गरीब वृद्धांपुरती उरली.

ग्रीसचं उदाहरण याहून कडक आहे. तिथं सार्वजनिक प्रसारणाची पट्टी वीजबिलातून कापली जायची. वसुलीचा प्रश्नच नव्हता. तरीसुद्धा ११ जून २०१३ च्या रात्री सरकारनं ईआरटी हे सार्वजनिक प्रसारण बंद करून टाकलं. पडदे काळे झाले. लोक भरत होते, तरी कळ सरकारच्या हातात होती. दोन वर्षांनी ते पुन्हा सुरू झालं. आपल्या शेजारी पाकिस्तानातही सरकारी टीव्हीसाठी घराच्या वीजबिलात महिन्याला ३५ रुपये वर्षानुवर्षं कापले गेले. त्यानं तो टीव्ही सरकारपासून मोकळा झाला असं कोणी म्हणणार नाही.

आणि अमेरिका. तिथं परवाना कधी नव्हताच. १९६७ मध्ये संसदेनं एक महामंडळ काढलं, ते सरकारी पैसा गावोगावच्या सार्वजनिक केंद्रांना वाटायचं. २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेला सुमारे १.१ अब्ज डॉलर निधी परत काढून घेतला आणि महामंडळानं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी शहरातल्या केंद्रांना देणगीदार सापडतात. दूरच्या वस्तीतलं लहान केंद्र मात्र त्याच पैशावर उभं असतं.

यातून धडा घ्यावा तो जर्मनीचा. हिटलरनं स्वस्त रेडिओ घरोघर पोचवून त्यातून काय ओतलं हे त्या देशानं भोगलं आहे, म्हणून युद्धानंतर त्यांनी प्रसारण सरकारपासून दूर ठेवायची पक्की व्यवस्था केली. रक्कम किती असावी हे मंत्री सांगत नाही. एक स्वतंत्र आयोग हिशोब तपासून शिफारस करतो, मग राज्यांच्या विधानसभा ती मान्य करतात. २०२० मध्ये या आयोगानं १७.५० युरोंवरून १८.३६ करा असं सांगितलं. पंधरा राज्यं तयार झाली, एक राज्य अडून बसलं. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की असं अडवता येणार नाही, वाढ लागू करा. फरक होता ८६ सेंटचा. पण ते प्रसारण वाचलं ते आयोगामुळे आणि न्यायालयामुळे, नुसत्या पट्टीमुळे नाही.

आता आपला हिशोब. प्रसार भारतीला केंद्र सरकार दरवर्षी अनुदान देतं. अलीकडच्या वर्षांत ते अडीच हजार कोटी रुपयांच्या वर असतं आणि त्यातला मोठा भाग पगारात जातो. बाकी कमाई जाहिरातींची, आणि डीडी फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावाची. फ्री डिश म्हणजे आपल्या पत्र्याच्या घरांवर दिसते ती छत्री. एकदा विकत घेतली की महिन्याचं काही भरायचं नाही. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज चार कोटींहून जास्त घरांत आहे आणि खासगी चॅनलं त्यावर जागा मिळवायला शेकडो कोटी मोजतात. माझ्या मते दूरदर्शननं गेल्या वीस वर्षांत गरिबासाठी केलेलं हे सगळ्यात मोठं काम आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं केंद्रं सुधारायला आणखी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. त्यात दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या आणि नक्षलग्रस्त भागांत आठ लाख फ्री डिश संच मोफत द्यायचं होतं.

अडीच हजार कोटी ऐकून छाती दडपते. माणसांनी भागा. १४० कोटी लोक. माणशी वर्षाला १८ रुपये, फार तर २०. ब्रिटनचं घर वीस हजार देतं, आपलं पाच माणसांचं घर नव्वद-शंभर रुपये. आणि "सरकार देते" म्हणजे कोण देते? वहिनी साबण घेतात, चहापत्ती घेतात, मोबाइलचं रिचार्ज मारतात. त्यात जीएसटी आहे. तेच पैसे फिरून तिकडे जातात. म्हणजे परवाना रद्द झाला तरी भरणं थांबलं नाही. फक्त पावती मिळायची थांबली.

मग आपल्याकडे सक्तीचा परवाना परत आणावा का? माझं उत्तर स्पष्ट आहे. आणू नये. सगळ्यांना सारखी रक्कम लावली की ती गरिबालाच जड जाते. शेतात निंदण करणाऱ्या बाईला आणि नागपुरात बंगला बांधणाऱ्याला एकच आकडा, हा न्याय नाही. ब्रिटनमध्ये परवान्याच्या गुन्ह्यात शिक्षा होणाऱ्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश बायका असतात. कारण साधं आहे. दार ठोठावलं जातं तेव्हा घरी त्या असतात. आपल्याकडे असा तपासणीस आला तर तो कोणाच्या दारात उभा राहील, हे वेगळं सांगायला नको. वर वसुलीचा खर्च. घरामागे शंभर रुपये गोळा करायला तीस-चाळीस रुपये लागणार असतील, तर तो धंदा कशाला करायचा?

पण परवान्याच्या मागची जी गोष्ट चांगली आहे, ती मात्र घ्यावी. पैसा नावानिशी बाजूला निघाला पाहिजे, आणि तो किती असेल हे दरवर्षी कोणाच्या मर्जीवर नसावं. यासाठी जर्मनीपर्यंतही जायची गरज नाही. आपल्या राज्यानं रोजगार हमीसाठी हेच केलं. १९७५ च्या कायद्यानं व्यवसाय कर लागला. पगारदार, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्याकडून तो घ्यायचा, आणि त्यातून रोजगार हमीचा निधी. जेवढा कर जमा होईल तेवढीच भर राज्यानं घालायची. आजही पगारदाराच्या पावतीवर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात. कमावत्या माणसानं दिलं आणि दुष्काळात खडी फोडणाऱ्याला त्यातून मजुरी मिळाली. गरिबाकडे तपासणीस पाठवावा लागला नाही.

प्रसारणालाही असं करता येईल. ज्याची कमाई एका मर्यादेच्या वर आहे त्याच्याकडून थोडं, लहरी आणि उपग्रह वापरून कमावणाऱ्या कंपन्यांकडून थोडं. रक्कम पाच वर्षांसाठी एकदाच ठरलेली, ठरवणारा आयोग मंत्रालयाच्या बाहेरचा, आणि हिशोब विधिमंडळात-संसदेत उघडा. एक धोका मात्र मोठा आहे आणि तो लपवू नये. नावानं गोळा केलेला उपकर त्या नावाच्या कामाला जातोच असं नाही. केंद्रीय उपकरांचे पैसे ठरलेल्या निधीत वळते झाले नाहीत, असं सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं आपल्या अहवालांत नोंदवलं आहे. कापसावर बाजार समितीचा सेस घेतला जातो, आणि तो कुठल्या शेडला लागला हे विचारणारे किती? म्हणून कायद्यात नुसतं नाव पुरणार नाही. पैसा वळवला तर कोर्टात जाता येईल, एवढी पक्की तरतूद पाहिजे.

आणखी एक अट मी घालीन. या पैशाचा ठरलेला भाग दिल्ली-मुंबईला न जाता जिल्ह्याच्या केंद्राला मिळावा. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर इथं आकाशवाणीची केंद्रं आहेत. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. माहिती आहे, मनोरा आहे. मधे लागतो तो वऱ्हाडीत, गोंडीत, कोरकूत बोलणारा, शेतावर जाऊन प्रश्न विचारणारा माणूस, आणि त्याचा पगार. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा-ब्रह्मपुरीकडची माणसं पाण्यात होती आणि वीज गेली होती. वीज गेल्यावर टीव्ही बंद पडतो, टॉवर बंद पडला की मोबाइलही जातो. दोन सेलवरचा रेडिओ चालतो. अशा रात्री दिल्लीचं बातमीपत्र काय कामाचं? कोणत्या गावात बोट येणार, हे सांगणारा आवाज जवळचाच असावा लागतो.

वहिनींच्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्यानं टीव्ही घेतलाच नाही. आपण चालू कार्यक्रम बघत नाही असं संकेतस्थळावर कळवलं, आणि काम मिटलं.

परवा वेचणीला जाताना वहिनी फाटकाशी थांबल्या. कमरेला ओटी बांधलेली, आत मोबाइल.

"भाऊजी, ते अठरा रुपये माणशी म्हणाले होते ना तुम्ही? आमच्या घरचे किती होतेत?"

"पाच माणसं. नव्वद धरा."

किलोला दहा रुपये वेचणी. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे नऊ किलो कापूस," त्या म्हणाल्या. थोडं पुढं गेल्या आणि वळल्या.

"मंग त्याइले लिहून पाठवता येते का, का कापसाचा भाव सकाळी साताच्या आत सांगा म्हणून? व्यापारी दारात येते तेव्हा आमी वावरात रायतो."

त्यांच्या नावानं पत्र मी रात्री लिहिलं. सही त्यांनी सकाळी केली.